छंद म्हणून प्रोग्रॅमिंग शिकून पहिला गेम कसा तयार करावा

स्वतःचा गेम तयार करण्याची इच्छा असणारे अनेक जण आधी प्रोग्रॅमिंगचा संपूर्ण अभ्यासक्रम उरकायचा आणि मगच गेमला हात घालायचा असे ठरवतात. तो अभ्यासक्रम बहुधा अर्धवटच राहतो, कारण शिकलेले वापरायला समोर काहीच नसते. प्रोग्रॅमिंग आणि गेमची रचना या दोन गोष्टी एकाच छोट्या, पूर्ण होऊ शकणाऱ्या खेळातून एकत्र शिकाव्यात, असे माझे मत आहे. कारण कोडमध्ये लिहिलेला वेगाचा किंवा वेळेचा प्रत्येक आकडा हा खेळाच्या रचनेविषयी घेतलेला निर्णयच असतो.

पायरी 1 : साधन निवडावे

कोड कधीच पाहिला नसेल किंवा शिकणारे लहान मूल असेल, तर एमआयटी मीडिया लॅबने 2007 मध्ये खुले केलेले स्क्रॅच सोयीचे पडते. त्यात आज्ञांचे ठोकळे एकमेकांना जोडायचे असतात. प्रौढ नवशिक्याने मात्र पायथॉन ही भाषा आणि तिच्यासाठी असलेले पायगेम, म्हणजे गेम बनवण्यासाठी लागणाऱ्या तयार कोडचा संच, घ्यावे. गोडो हे 2014 पासून मुक्तस्रोत असलेले इंजिन, म्हणजे गेम बनवण्याचे तयार सॉफ्टवेअर, अधिक समर्थ आहे आणि पुढे त्याकडे वळणे शहाणपणाचेही ठरेल; परंतु इंजिन बरीच कामे पडद्याआड उरकते, आणि पहिल्या खेळात नेमकी तीच कामे स्वतःच्या हाताने लिहिलेली बरी. कोणते साधन सर्वोत्तम यावर आठवडे घालवू नयेत.

पायरी 2 : खेळ एका वाक्यात लिहावा

उदाहरणादाखल पुढील वाक्य घेऊ : ‘वरून फळे पडतात, खेळाडू टोपली डावी-उजवीकडे हलवून ती झेलतो आणि तीन फळे सुटली की खेळ संपतो.’ यात खेळाडूची कृती, उद्दिष्ट आणि खेळ संपण्याची अट या तिन्ही गोष्टी आल्या आहेत. ज्या कल्पनेचे असे वाक्य होत नाही, ती पहिल्या खेळासाठी फार मोठी आहे असे समजावे. पात्रांची नावे, कथानक, संगीत यांचा विचार इथे करूच नये. टोपली म्हणजे एक आयत आणि फळ म्हणजे एक छोटा चौकोन, एवढे पुरते.

पायरी 3 : लागेल तेवढीच भाषा शिकावी

या खेळासाठी पाच गोष्टी लागतात : माहिती साठवणारे व्हेरिएबल, अट, तेच काम पुन्हा पुन्हा करणारा लूप, आज्ञांच्या गटाला नाव देणारे फंक्शन आणि अनेक फळे एकत्र ठेवण्यासाठी लिस्ट. प्रत्येक गोष्ट शिकताच ती खेळात वापरावी. एरर आली की घाबरून सगळा कोड पुसू नये. पायथॉनच्या एरर संदेशातील शेवटची ओळ आधी वाचावी, कारण काय बिघडले ते तिथे लिहिलेले असते आणि कोणत्या ओळीवर बिघडले ते तिच्या थोडे वर सापडते.

पायरी 4 : गेम लूप लिहावा

प्रत्येक गेमच्या गाभ्याशी एक लूप फिरत असतो. तो खेळाडूने कोणती कळ दाबली ते पाहतो, त्यानुसार सगळ्या वस्तूंच्या जागा बदलतो आणि चित्र नव्याने रेखाटतो. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रे, हव्या असतील, तर हे सारे सुमारे 16.7 मिलिसेकंदांत उरकावे लागते. पायगेममध्ये स्क्रीनचा वरचा डावा कोपरा शून्य मानला जातो आणि वाय हा अक्ष खाली जाताना वाढतो, त्यामुळे फळ खाली पाडण्यासाठी वायमध्ये बेरीज करायची असते. शाळेतल्या आलेखाची सवय असलेल्यांना हे सुरुवातीला उलटे वाटते.

इथे वेगाचा प्रश्न येतो. टोपली दर फ्रेमला 5 पिक्सेल सरकवली, तर सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या संगणकावर तिचा वेग 300 पिक्सेल होईल, 30 फ्रेम दाखवणाऱ्यावर 150 आणि 144 दाखवणाऱ्यावर 720. म्हणजे एकच खेळ तीन ठिकाणी तीन प्रकारचा होईल. म्हणून वेग ‘सेकंदाला इतके पिक्सेल’ असा ठरवावा आणि त्याला मागील फ्रेमपासून गेलेल्या वेळेने गुणावे. या वेळेला डेल्टा टाइम म्हणतात.

पायगेममध्ये याला जोडून एक फसवी गोष्ट आहे. तिथला रेक्ट, म्हणजे आयत, आपली जागा पूर्णांकातच ठेवतो. टोपली 400 वर असताना उजवीकडे 4.8 पिक्सेल सरकवली, तर 404.8 चे 404 होतात. डावीकडे तेवढीच सरकवली, तर 395.2 चे 395 होतात. एका बाजूला 4 आणि दुसऱ्या बाजूला 5 पिक्सेल सरकणारी टोपली पाहून नवशिका कळांमध्ये दोष शोधत बसतो. त्यावरचा उपाय सोपा आहे : खरी जागा वेगळ्या व्हेरिएबलमध्ये दशांशासह ठेवावी आणि रेखाटण्यापूर्वी ती रेक्टला द्यावी.

पायरी 5 : आकडे जुळवावेत

खेळ चालू लागला की खरी मौज सुरू होते. स्क्रीन 800 पिक्सेल रुंद, टोपली 100 पिक्सेल रुंद, तिचा वेग सेकंदाला 300 पिक्सेल आणि फळाला खाली यायला 2 सेकंद, असे समजू. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यासाठी टोपलीला 700 पिक्सेल कापावे लागतात, आणि 2 सेकंदांत ती 600 च कापते. म्हणजे अगदी पलीकडच्या कडेला पडणारे फळ कितीही चपळ खेळाडूला झेलता येणार नाही. खेळाडू असे गणित मांडत नाही, पण हा खेळ लबाडी करतो हे त्याला लगेच जाणवते. वेग 400 केला तर तेच अंतर 1.75 सेकंदांत कापले जाते आणि पाव सेकंद उरतो. डोळ्यांनी पाहून हात हलायला माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. खेळ शक्य झाला, पण कठीण राहिला. वेग न वाढवता पुढचे फळ आधीच्या फळाच्या जवळपास पाडणे हाही मार्ग आहे, आणि त्याने खेळाचा स्वभावच बदलतो. दोन्ही करून पाहावेत. त्यासाठी हे सगळे आकडे फाइलच्या सुरुवातीला नावे देऊन एकत्र ठेवावेत.

काठिण्य हळूहळू कसे वाढवावे, याचे एक जुने उदाहरण बोलके आहे. तोमोहिरो निशिकादो यांनी 1978 मध्ये केलेल्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू कमी होत गेले की उरलेले वेगाने सरकू लागत, कारण कमी आकृत्या रेखाटायच्या असल्याने यंत्राचे काम लवकर उरके. निशिकादोंनी तो परिणाम काढून टाकला नाही, आणि खेळातला शेवटचा ताण त्यातूनच आला.

पायरी 6 : दुसऱ्याला खेळायला द्यावे

खेळ दुसऱ्याच्या हाती द्यावा आणि गप्प बसावे. सूचना देण्याचा मोह आवरणे अवघड असते, पण सांगावे लागले ते सारे खेळात कमी आहे असे समजून टिपून ठेवावे. ‘आवडला का?’ या प्रश्नाला लोक सभ्यपणे होच म्हणतात. त्याऐवजी हरल्यावर माणूस न सांगता पुन्हा सुरू करतो का, एवढे पाहावे.

पायरी 7 : पूर्ण करून प्रकाशित करावे

सुरुवातीचा पडदा, गुण, हरल्यावर पुन्हा खेळण्याची सोय आणि दोन-तीन आवाज एवढे जोडून काम थांबवावे. चित्रे व आवाज इतरांचे वापरताना परवाना वाचावा : सीसी, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, परवान्यांपैकी सीसी झिरो असेल तर श्रेय देण्याचे बंधन नसते, सीसी बाय असेल तर असते. कोडच्या जुन्या आवृत्त्या जपण्यासाठी गिट वापरावे आणि तयार खेळ इच डॉट आयओसारख्या संकेतस्थळावर मोफत ठेवावा.

दुसऱ्या खेळासाठी असा विषय निवडावा, ज्यात एकच गोष्ट नवी असेल. गोळ्या झाडण्याचा खेळ केला, तर सेकंदाला 1200 पिक्सेल धावणारी गोळी 60 फ्रेमच्या हिशेबाने दर फ्रेमला 20 पिक्सेल उडी घेते आणि 10 पिक्सेल जाडीच्या भिंतीतून न आदळताच पार होऊ शकते; तेव्हा टक्कर तपासण्याची वेगळी रीत शिकावी लागेल, आणि तोवर तिची गरज का आहे हे डोळ्यांसमोर दिसलेले असेल.