बक रेग्युलेटर बंद करताना आउटपुट उसळू नये म्हणून

समजा, 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारा 500 किलोहर्ट्झचा बक रेग्युलेटर आहे. त्याच 5 व्होल्टच्या रेलवर (पुरवठ्याच्या तारेवर) 3 अँपिअर खाणारी एलईडी पट्टी आणि एक एटीमेगा328पी मायक्रोकंट्रोलर. पट्टी आणि रेग्युलेटर एकाच क्षणी बंद केले, तरी रेग्युलेटरच्या इंडक्टरमधला (कॉइलमधला) प्रवाह लगेच थांबत नाही. तो डायोडमधून फिरून आउटपुट कॅपॅसिटरमध्ये शिरतो, कारण त्याला ओढून घेणारं लोडच उरलेलं नसतं.

आधी हिशेब करा. इंडक्टन्सला शिखर प्रवाहाच्या वर्गाने गुणा, कॅपॅसिटन्सने भागा, त्यात आउटपुट व्होल्टेजचा वर्ग मिळवा आणि वर्गमूळ काढा. 10 मायक्रोहेन्री, 3.3 अँपिअर, 22 मायक्रोफॅरड: उत्तर 5.47 व्होल्ट. एटीमेगाची चालू वापराची मर्यादा 5.5, म्हणजे निभावलं असं वाटतं. पण छोट्या सिरॅमिक कॅपॅसिटरवर 5 व्होल्ट पडले की त्याची क्षमता सहज निम्म्यावर येते. 11 मायक्रोफॅरड धरून तेच गणित 5.9 वर जातं, आणि 6 व्होल्टला चिप मरू शकते. छापील आकडा धरण्याची चूक सगळ्यात जास्त इथेच होते.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे क्रम बदलणं. आधी एनेबल (रेग्युलेटर चालू-बंद करणारी पिन) खाली ओढा, पट्टी 100 मायक्रोसेकंदांनंतर तोडा. इंडक्टर सुमारे 6 मायक्रोसेकंदांत रिकामा होतो, त्यामुळे एवढी सवड पुरते.

क्रम हातात नसेल तर 47 मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक लावा. निम्मी क्षमता धरली तरी शिखर 5.23 वर राहतं. मात्र डेटाशीटमधली आउटपुट कॅपॅसिटरची कमाल मर्यादा तपासा, नाहीतर रेग्युलेटरचा नियंत्रण लूप डगमगेल.

एनेबल पिनवर मोठा कॅपॅसिटर ठेवू नका. व्होल्टेज हळू उतरलं तर उंबरठ्यापाशी रेग्युलेटर चालू-बंद होत राहू शकतो. ट्रान्झिस्टरने पिन सरळ ग्राउंडला ओढा.

आउटपुटवर 470 ओहमचा रेझिस्टर लावा. 5 व्होल्टला तो जेमतेम 53 मिलिवॉट खातो. उसळी त्याने थांबत नाही, पण चढलेलं व्होल्टेज तिथेच अडकून राहत नाही.

एसएमबीजे5.0ए टीव्हीएसवर (जादा व्होल्टेज अडवणाऱ्या डायोडवर) विसंबू नका. नावात 5 असलं तरी तो 6.4 व्होल्टच्या आधी नीट वाहतच नाही, आणि तोवर एटीमेगाची मर्यादा ओलांडलेली असते.

शेवटी ऑसिलोस्कोपवर बघा. प्रोब कॅपॅसिटरच्या टोकांवरच टेकवा, ग्राउंडला लांब वायरऐवजी स्प्रिंग वापरा, सिंगल ट्रिगर 5.2 व्होल्टच्या चढत्या कडेवर ठेवा आणि पूर्ण लोडवर निदान दहा वेळा बंद करून पाहा.