मांजरातील पित्ताशयाचे विकार : निदान आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

हळदीच्या पेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या सांगलीत मांजर पिवळसर दिसले, तर मालक ‘हळदीत लोळले असेल’ असे सहज म्हणू शकतो. परंतु हिरड्या, टाळू आणि कानाची आतील त्वचा पिवळी असेल, तर ती कावीळ होय. दिव्याच्या पिवळट उजेडात ती नजरेतून सुटते, म्हणून मांजर खिडकीशी नेऊन पाहावे.

भूक जाणे, उलट्या, ताप, वजन घटणे ही बाकीची लक्षणे मोघम असतात. बहुतेक मांजरांत पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका एकत्र होऊन लहान आतड्यात उघडतात, त्यामुळे पित्तमार्ग, स्वादुपिंड आणि आतडे यांचा दाह अनेकदा जोडीनेच आढळतो. रक्तात बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे रंगद्रव्य) आणि एएलटी, जीजीटी व अल्कलाइन फॉस्फटेज ही यकृत-पित्तमार्गाची विकरे तपासावीत. यातील शेवटचे मांजराच्या रक्तात फार काळ टिकत नाही (अर्धायुष्य सुमारे ६ तास), म्हणून त्याची किरकोळ वाढही महत्त्वाची मानावी. लघवीतील बिलिरुबिन कुत्र्यात थोडे चालते, मांजरात मात्र नाही.

खरा निर्णय सोनोग्राफीवर ठरतो. पित्ताशयाची भिंत साधारण १ मिमीपेक्षा जाड असल्यास दाहाचा, आणि सामाईक पित्तनलिका ५ मिमीहून रुंद असल्यास अडथळ्याचा संशय घ्यावा. दोन कप्प्यांचे पित्ताशय हा जन्मजात फरक आहे, रोग नव्हे. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिल्यास यकृतात चरबी साचूनही कावीळ होते. त्याला चाकूची नव्हे, अन्नाची गरज असते. पित्ताची वाट मोकळी असेल, तर पित्ताचा नमुना कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवून त्यानुसार प्रतिजैविके द्यावीत. पूर्ण अडथळा, फुटलेले पित्ताशय किंवा औषधांना न जुमानणारा दाह असेल, तरच शस्त्रक्रिया करावी. साताऱ्याकडच्या सहकाऱ्यांनी शंका असल्यास शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांचे मत घ्यावे.

पित्त आतड्यात न पोहोचल्याने के जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि रक्त गोठेनासे होते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी के१ हे ०.५ ते १.५ मिग्रॅ प्रतिकिलो, दर १२ तासांनी, त्वचेखाली दोन-तीनदा द्यावे. पोट मध्यरेषेवर उघडल्यावर पित्ताशयाला हात घालण्याची घाई करू नये. आधी लहान आतड्याचा आरंभीचा भाग उघडून, पित्तनलिकेच्या मुखातून ३.५ ते ५ फ्रेंचचा (फ्रेंच हे नळीच्या जाडीचे माप) कॅथेटर म्हणजे बारीक नळी सरकवून व सलाइन सोडून नलिका मोकळी असल्याची खात्री करावी. ती बंदच असेल आणि पित्ताशय काढून टाकले असेल, तर पित्ताला आतड्यात वळवण्याचा सोपा मार्गही हातचा जातो. पित्ताशय थेट आतड्याला जोडणारा हा जोडमार्ग करावाच लागला तर तोंड किमान २.५ सेमी ठेवावे, कारण ते पुढे आक्रसते. मात्र मांजरांत या शस्त्रक्रियेनंतर मृत्यूचे प्रमाण मोठे असल्याने तो शेवटचाच पर्याय समजावा. नलिका मोकळी असल्यास पित्ताशय यकृताच्या खोबणीतून हलक्या हाताने सोडवून, त्याची नलिका व धमनी बांधून काढावे.

भूल उतरण्याआधीच अन्ननलिकेत आहारनळी बसवावी आणि रक्तदाबावर लक्ष ठेवावे. वेदनेसाठी ब्युप्रेनॉर्फिन चालते. पॅरासिटामॉल मांजराला विषारी असल्याने घरी गोळी देऊ नये, हे मालकाला मांजर सोपवतानाच बजावावे.