कंपास न हलवता वर्तुळाचा चौरस

वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस नुसत्या कंपास-पट्टीने अचूक काढता येत नाही. कंपास-पट्टीला बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढंच जमतं. त्यातून मिळणारी प्रत्येक लांबी पूर्णांक सहगुणकांच्या एखाद्या बहुपदी समीकरणाचं मूळ असते; पण अशा कोणत्याही समीकरणाचं पाय (π) हे मूळ नाही, हे जर्मन गणिती लिंडमान यांनी १८८२ मध्ये सिद्ध केलं. तरीही मी माझ्या नववी-दहावीच्या मुलांकडून पोलिश गणिती आणि जेझुइट (ख्रिस्ती धर्मसंघातले) धर्मगुरू कोहान्स्की यांची १६८५ची रचना आवर्जून काढून घेते. इतक्या थोड्या रेषांत पायच्या इतकं जवळ जाता येतं, हे हाताने काढल्यावरच कळतं.

कंपासमध्ये ५ सेंमी अंतर घ्या आणि स्क्रू घट्ट करा. पहिल्या आकृतीत हे अंतर बदलायचं नाही. पेन्सिल टोकदार हवी.

म केंद्राचं वर्तुळ आणि अब व्यास काढा. ब पाशी व्यासाला लंब, म्हणजे स्पर्शिका, दोन्ही बाजूंना लांब ओढा. ब वरून वर्तुळावर वरच्या बाजूला कंस मारून प मिळवा. आता ब आणि प वरून बाहेर कंस मारा; ते छेदतात तो फ. मफ ही रेषा ६० अंशांचा कोन दुभागते आणि स्पर्शिकेला क मध्ये छेदते. क पासून ब च्या दिशेने, ब ओलांडून, स्पर्शिकेवर कंपासची तीन अंतरं घ्या. शेवटचा बिंदू ड. पुष्कळ मुलं ही अंतरं ब पासून मोजतात. मग सगळंच बिघडतं.

अड जोडा. ही लांबी त्रिज्येच्या √(४०/३ − २√३) पट, म्हणजे ३.१४१५३ पट आहे. अर्धा परीघच! आपल्या आकृतीत फरक ०.००३ मिलिमीटरइतका. पेन्सिलची रेघ त्याहून कितीतरी जाड असते.

अर्धा परीघ गुणिले त्रिज्या म्हणजे वर्तुळाचं क्षेत्रफळ. तेव्हा दहावीतलं भूमितीमध्याचं प्रमेय वापरा: अर्धवर्तुळातून व्यासावर टाकलेल्या लंबाचा वर्ग म्हणजे व्यासाच्या दोन तुकड्यांचा गुणाकार. आडव्या कागदावर अड एवढा रेषाखंड घ्या, पुढे ५ सेंमी वाढवा, पूर्ण लांबीवर अर्धवर्तुळ काढा आणि ड वर लंब उभारा. अर्धवर्तुळापर्यंतचा लंब ही चौरसाची बाजू.

ती ८.८६ सेंमी यायला हवी. मिलिमीटरभर फरक दिसला तर आधी क तपासा: बक २.८९ सेंमी असायला हवं.