उघड्यावरची उपासना: या चुका टाळा

उपासना उघड्यावर घ्यायचं ठरलं की बहुतेक मंडळ्यांत पहिली चर्चा होते ती खुर्च्यांची. मग स्पीकर, मग कनात, मग प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि प्याल्याच्या विधीचं, टेबल. चर्चमधलं सगळं उचलून झाडाखाली मांडलं जातं, आणि तासाभरानं लोक परततात ते ऊन लागलं, उपदेश ऐकू आला नाही असं म्हणत. झाडाकडे मान वर करून कोणी पाहिलेलंही नसतं. अशा उपासनांची तयारी मी बरीच वर्षं करत आलो आहे आणि खालच्या बहुतेक चुका माझ्या हातून झाल्या आहेत.

आतला कार्यक्रम जशाच्या तसा बाहेर नेणं

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि बाकीच्या बऱ्याचशा हिच्यातूनच निघतात. चार भिंतींच्या आत अर्ध्या तासाचा उपदेश लोक ऐकून घेतात, कारण नजर जायला दुसरीकडे जागाच नसते. बाहेर वारा सुटतो, पाखरू ओरडतं, ढग सरकतात, आणि उपदेशक मग या सगळ्याशी झुंजत बसतो. झुंजू नका. उपदेश दहा मिनिटांवर आणा, वाचनं दोनच ठेवा आणि मध्ये खरी शांतता ठेवा. दहा-वीस सेकंदांची नव्हे, चांगली तीन-चार मिनिटांची. पहिलं मिनिट सगळ्यांना अवघड जातं, तेवढं निभावून न्या.

वचन निवडताना त्या जागेवर उभे राहून निवडा. पाणी जवळ असेल तर बायबलमधलं १०४ वं स्तोत्र घ्या: खोऱ्यांतून वाहणारे झरे, तिथे तहान भागवणारी रानगाढवं, फांद्यांत गाणारे पक्षी, उंच डोंगरांवरचे रानबकरे. वाचणाऱ्यानं दोन-दोन वचनांनंतर थांबावं.

१४८ वं स्तोत्र मला याहून प्रिय आहे. त्यात स्तुतीसाठी एकेकाला हाक मारली जाते. देवदूत, सूर्य-चंद्र, तारे, मग समुद्रातले प्राणी, गारा, बर्फ, वादळी वारा, डोंगर, फळझाडं, गुरंढोरं, सरपटणारे जीव, पाखरं. माणसाची पाळी येते ती थेट ११ व्या वचनात. हे स्तोत्र बाहेर घेताना आम्ही पहिली दहा वचनं एकालाच वाचायला सांगतो आणि मंडळी गप्प राहते. अकराव्याला सगळे मिळून म्हणतात. स्तुती आपण येण्याआधीच चालू होती आणि आपण तिच्यात उशिरा सामील झालो, हे त्या क्षणी लहान मुलांनाही कळतं. मग वेगळ्या उपदेशाची फारशी गरज उरत नाही.

ऐकू येत नाही

खोलीत आवाज भिंतींवर आदळून परत येतो. उघड्यावर तो निघून जातो. अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण सहा डेसिबलनं खाली येते, म्हणून मागच्या रांगेला ओठ हलताना दिसतात आणि शब्द पोचत नाहीत. स्पीकर मोठा करणं हा शेवटचा उपाय. आधी लोकांना जवळ बसवा, लांबलचक रांगांऐवजी अर्धवर्तुळात. वारा बोलणाऱ्याच्या पाठीमागून लोकांकडे जाईल अशी जागा धरा. समोरून येणारा वारा आवाज वर उचलून नेतो. माइक असेलच तर त्याच्या तोंडावर फोमची टोपी हवी, नाहीतर सगळी प्रार्थना घरघरीत बुडते.

मत्तय १३ मध्ये येशू मचव्यात बसतो आणि लोकसमुदाय किनाऱ्यावर उभा राहतो. लोटणाऱ्या गर्दीपासून थोडं अंतर, मध्ये सपाट पाणी, आणि समोर चढत गेलेला काठ असेल तर आणखीच चांगलं. ही मांडणी आवाजासाठी किती सोयीची आहे, ते काठावर एकदा करून पाहिल्यावर पटतं.

गाणी पाठ असलेलीच घ्या. कागद उडतात, आणि खाली बघून गाणारा माणूस आजूबाजूला काहीच पाहत नाही. एकानं ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी ती परत म्हणायची, ही पद्धत बाहेर उत्तम चालते. गिटार उन्हात ठेवली की तारा उतरतात, ती सावलीत ठेवा.

सूर्य कुठे असेल ते न पाहणं

जागा संध्याकाळी पाहून ठेवायची आणि उपासना सकाळी घ्यायची, हे फार वेळा होतं. ज्या वेळेला उपासना आहे त्याच वेळेला आधी एकदा तिथे जाऊन या. ऊन लोकांच्या पाठीकडून यावं. डोळे दिपायचेच असतील तर ते पुढे उभ्या असलेल्याचे दिपू देत. त्याच फेरीत पाहा: चाकाची खुर्ची तिथवर जाते का, म्हाताऱ्या माणसांना टेकायला काही आहे का, स्वच्छतागृह किती लांब आहे, आणि जागा ज्यांची आहे त्यांची परवानगी घेतली आहे का.

विजेला कमी लेखणं

इथे भक्तिभावाचा प्रश्न नाही. मेघगर्जना ऐकू आली की उपासना थांबवायची, मग प्रभुभोजन चालू असलं तरी. झाडाखाली, कनातीत थांबायचं नाही. पक्क्या इमारतीत किंवा बंद टपाच्या गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं तिथेच थांबायचं. थांबवायचा निर्णय कोण घेणार ते आधीच ठरवा, कारण ऐन वेळी सगळे पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, तोंडाकडे पाहतात आणि पाळक डोळे मिटून प्रार्थनेत असतात.

फक्त सुंदर निसर्गाबद्दलच बोलणं

फुलं, पाखरं, सूर्योदय आणि देव किती चांगला. हे खरं आहे, पण एवढंच म्हटलं तर समोर बसलेल्या त्या माणसाला काय, ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे? १०४ व्या स्तोत्रातच तरुण सिंह भक्ष्यासाठी गर्जना करतात आणि देवाकडे आपलं अन्न मागतात. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात सगळी सृष्टी कण्हते आहे. वाळलेली फांदी, आटलेला ओढा, मेलेलं पाखरू यांनाही प्रार्थनेत जागा द्या. अशाच एका उपासनेनंतर एक बाई माझ्याशी बोलल्या. वठलेल्या झाडासाठी प्रार्थना झाली तेव्हा आपल्याला रडता आलं, असं त्या म्हणाल्या.

उलट बाजूची भीतीही भेटते: बाहेर प्रार्थना म्हणजे निसर्गपूजा तर नव्हे? शंका प्रामाणिक आहे, तिला हसू नका. निर्माणकर्त्याऐवजी निर्मितीची सेवा करण्याबद्दलचा इशारा रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. १ राजे १९ मध्ये एलीया या संदेष्ट्यासमोरून सोसाट्याचा वारा, भूकंप आणि अग्नी जातात, आणि परमेश्वर त्यांत नसतो. पण हे एलीयाला कळतं ते डोंगरावर उभं राहून. फिलिप्पै शहरात प्रेषित पौल आणि सोबती शब्बाथ (विसाव्याच्या) दिवशी वेशीबाहेर नदीकाठी जातात, कारण तिथे प्रार्थनेची जागा असेल असं त्यांना वाटतं, आणि तिथेच लुदिया नावाच्या बाईचं मन उघडतं. १९ वं स्तोत्र पूर्ण वाचलं तर यातला समतोल आपोआप येतो. पुष्कळजण आकाश आणि सूर्यापाशी, सहाव्या वचनाला थांबतात. सातव्यापासून परमेश्वराचं नियमशास्त्र सुरू होतं. दोन्ही अर्धी वाचा.

प्रभुभोजनाची तयारी घाईत करणं

भाकर आणि प्याला शेवटच्या क्षणापर्यंत झाकलेले हवेत. माश्या येतात, भाकरीच्या हलक्या, पातळ चकत्या (वेफर) वाऱ्यानं उडतात. टेबलक्लॉथला खाली चिमटे लावा. मेणबत्तीला काचेची चिमणी घाला, किंवा ती ठेवूच नका.

एकदाच करून सोडून देणं, आणि मागे कचरा ठेवणं

१९८९ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचे एक्युमेनिकल पॅट्रिआर्क (प्रमुख धर्मगुरू) दिमित्रिओस यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. आता अनेक पंथांच्या मंडळ्या तिथपासून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, सृष्टीचा काळ पाळतात. सुरुवातीला हा काळ चांगला. पण त्याच जागी वेगवेगळ्या ऋतूंत परत जा. झाडाला पानं नसताना तिथे केलेली प्रार्थना वेगळी होते.

कचऱ्याबद्दल मला राहवत नाही. पाच हजारांना जेवू घातल्यावर, काही वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करा, असं येशू सांगतो (योहान ६:१२). गवतावर पेपर कप टाकून आपण कोणत्या तोंडानं सृष्टीची गाणी म्हणायची? उत्पत्ती २:१५ मध्ये माणसाला बागेची मशागत आणि राखण करायला ठेवलं आहे. राखणीसाठी तिथे जो हिब्रू शब्द आहे, शामर, तोच गणना ६:२४ मधल्या आशीर्वादात येतो, ‘परमेश्वर तुझे संरक्षण करो’ म्हणताना. हे कळल्यापासून आम्ही क्रम बदलला आहे. आधी सगळे मिळून जागा साफ करतो, पिशव्या बांधतो, आणि मग हात धुऊन शेवटचा आशीर्वाद घेतो.