केसादिया, मेक्सिको सिटीच्या बाजारातली

केसादिया म्हणजे चीज भरून, दुमडून तव्यावर भाजलेली मक्याची पोळी. आधीच सांगून टाकते, आपल्याकडे घालतात ती सिमला मिरची, स्वीट कॉर्न, मेयोनीज यातलं यात काहीही पडत नाही. मी मेक्सिको सिटीत राहते आणि इथल्या बाजारात बायका कोमालवर करतात तशी सांगतेय. कोमाल म्हणजे तवाच, मातीचा नाहीतर पत्र्याचा.

सगळी मदार पिठावर. मासा आरिना नावाचं पीठ आणा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून, धुऊन त्यापासून ते करतात. चुन्यामुळे मक्याचं साल सुटतं आणि पीठ मिळून येतं. आपलं साधं मक्याचं पीठ दुमडताना मोडतं. कॉर्नफ्लॉर तर नकोच नको.

२ वाट्या पीठ, अर्धा चमचा मीठ, साधारण दीड वाटी कोमट पाणी. मळून ओल्या फडक्याखाली २० मिनिटं ठेवा. मग एक गोळी तळव्यावर दाबून बघा. कडा चिरल्या तर पाण्याचा हबका मारा, हाताला चिकटली तर चिमूटभर पीठ लावा. लिंबाएवढे गोळे करून प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवा आणि सपाट बुडाच्या ताटलीने दाबा. लाटण्याची गरज नाही.

तवा चांगला तापवा, तेल लावू नका, दाबलेली पोळी त्यावर टाका. खालच्या बाजूचा रंग बदलून ती सहज सुटली की उलटा आणि लगेच चीज घाला. इथे वाहाका राज्याचं केसियो नावाचं चीज वापरतात. लोकरीच्या गुंड्यासारखं गुंडाळलेलं असतं, हाताने दोरे सोडवायचे. ते नसेल तर मोझरेला. चौकोनी वड्यांचं प्रोसेस्ड चीज वितळतं, पण त्याला तार येत नाही. बेताचंच घाला, नाहीतर ते तव्यावर सांडून करपतं. वर एपासोते या इथल्या पाल्याचं एक पान. वास उग्र असतो, मला आवडतो. नसेल तर सोडून द्या, कोथिंबिरीने ती चव येत नाही.

दुमडा, आच मध्यम करा, दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजा.

भोपळ्याची फुलं मिळाली तर मजाच. आपण भजी करतो तीच. आतला दांडा काढून कांद्या-मिरचीबरोबर परता आणि चीजसोबत भरा. या शहरात मात्र नुसती फुलांची केसादिया मागितली तर बिनचीजची येऊ शकते, चीज हवं असेल तर तसं सांगायचं. मेक्सिकोच्या उत्तरेकडे गव्हाच्या तोर्तियाची, म्हणजे पोळीची करतात, तीही चांगली लागते, पण मक्याचा तो खरपूस वास तिला नाही.

वरून हिरवी साल्सा, म्हणजे इथली चटणी. करून रचून ठेवू नका, गार झालं की चीज वातड होतं. खाणाऱ्यांना आधी बसवा, मग तवा चढवा.