वावरातून गॅसची पाइपलाइन जाणार असेल तर

आमच्या सिन्नरकडच्या वावरात खुणेचे दगड पडले, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, अमेरिकेत शेलगॅसवाले शेतकऱ्याला रॉयल्टी देतात!" शेलगॅस म्हणजे जमिनीखालच्या खडकातून काढलेला गॅस. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात देतात, कारण तिथं जमिनीखालचा गॅसही बऱ्याचदा मालकाचा असतो. आपल्याकडे तो सरकारचा. आणि इथून तर फक्त नळ जाणार, म्हणून ती आशा सोडा.

१९६२ च्या पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायद्याने जमीन तुमचीच राहते, कंपनीला वापराचा हक्क मिळतो. अधिसूचनेपासून २१ दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या. नळ जातो त्या पट्ट्याला जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के मिळतात. पिकाचं नुकसान वेगळं.

खरी मेख तिथंच आहे. खोदाईआधी बागेचे, मंडपाचे, ठिबकचे तारखेसह फोटो काढा, वेली मोजा. पंचनाम्यात "द्राक्षे" एवढंच लिहू देऊ नका; वाण, वय, घडांची अवस्था लिहवून घ्या, मगच सही. मी घाईत केली, ठिबक राहूनच गेलं. वरची काळी माती वेगळी ठेवायला सांगा, नाहीतर मुरूम वर येतो.

पट्ट्यात पुढे विहीर, शेततळं, घर, झाड चालत नाही. म्हणून नवी विहीर कुठे घ्यायची ते भावांनी आधीच ठरवा. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं.