कॉर्डलेस फोन घरी बसवताना: आधी बेसची जागा ठरवा

खोक्यातलं माहितीपत्रक तुम्हाला वाचता येतं, असं धरून चालतो. अडॅप्टर प्लगमध्ये, वायर बेसच्या (लाइनला जोडलेला, हँडसेटशी बिनतारी बोलणारा भाग) मागे, सेल हँडसेटमध्ये, आणि पत्रकात सांगितले असतील तितके तास पहिलं चार्जिंग. त्यावर पानं भरण्यात अर्थ नाही. लोक अडतात ते बेसच्या जागेपाशी, आणि तिथे ज्याला विचारावं तो एकच सांगतो: "वायर जिथे येते तिथे ठेवून द्या." ठाण्या-नवी मुंबईच्या फ्लॅटांत निम्मी खरखर याच सल्ल्यामुळे होते.

सेट घेताना खोक्यावर 'डेक्ट' (DECT, कॉर्डलेस फोनचं डिजिटल तंत्र) लिहिलंय का ते बघा. हे फोन १८८० ते १९०० मेगाहर्ट्झवर चालतात, त्यामुळे वायफायशी त्यांचं भांडण नसतं. २.४ गिगाहर्ट्झचे जुने सेट वायफाय आणि मायक्रोवेव्हच्याच पट्ट्यात बोलतात. अमेरिकेतला लेक सुट्टीत येताना सेट घेऊन आला असेल, तर तो कौतुकाने शोकेसमध्ये ठेवा, लावू नका. तिथला 'डेक्ट ६.०' १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो आणि आपल्याकडे तो पट्टा मोबाइल कंपन्यांचा आहे. शिवाय त्याचा अडॅप्टर बहुधा १२० व्होल्टचा असतो. आपल्या प्लगमध्ये घातलात तर जळेल.

आता जागा. फायबरवाल्यांची लाइन ओएनटीच्या, म्हणजे फायबर ज्या डबीत येतं तिच्या, 'टेल' किंवा 'फोन' लिहिलेल्या भोकातून निघते. ही डबी बसवायला येणारा मुलगा ती स्वतःच्या सोयीने बसवतो: डक्टला लागून, मुख्य दाराच्या वर, नाहीतर टीव्हीच्या मागे. मग बेसही तिथेच, टीव्ही, राउटर आणि सेट टॉप बॉक्सच्या गर्दीत जाऊन बसतो. मागच्या बेडरूमपर्यंत मध्ये आरसीसीचा खांब, बाथरूमची भिंत आणि लोखंडी कपाट. 'मोकळ्यात ३०० मीटर, घरात ५० मीटर' हा खोक्यावरचा आकडा आपल्या घरांना लावूच नका. काँक्रीटमधल्या सळया, कपाटाचा पत्रा आणि आरशामागचा मुलामा लहरी अडवतात. आरशाकडे तर कुणाचं लक्षच जात नाही.

माझं ठाम मत आहे की ओएनटी हलवायची नाही, बेस हलवायचा. साधी टेलिफोनची वायर दहा मीटर आणा, पट्टीच्या कडेने नेऊन खिळे मारा आणि बेस घराच्या मधोमध, पॅसेजमध्ये, छातीच्या उंचीवर ठेवा. राउटरपासून दोन हात लांब. फ्रिजवर नको, खिडकीच्या बॉक्स ग्रिलला चिकटून तर नकोच. खिळे मारण्याआधी एक चाचणी करा. घरातल्या एकाने मोबाइलवरून या फोनवर कॉल करून पेपर मोठ्याने वाचत राहायचं आणि तुम्ही हँडसेट कानाला लावून प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात जायचं. एखादा शब्द अर्धाच ऐकू आला किंवा टिकटिक सुरू झाली की बेस फूटभर सरकवून पुन्हा फिरायचं. सेट २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर हे मायक्रोवेव्ह चालू ठेवून करा, नाहीतर चाचणीत सगळं छान आणि रात्री भाजी गरम करताना फोन बंद, असं होतं.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. ओएनटीची लाइन घरातल्या जुन्या भिंतीतल्या वायरिंगमध्ये सोडायची असेल, तर बाहेरून येणारी तांब्याची तार आधी रोझेटमधून, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीतून, सोडवा. जुनी लाइन जिवंत असेल तर तिच्यात ४८ व्होल्ट असतात आणि रिंग वाजताना त्याहून बरेच जास्त. दोन्ही एकत्र आले तर ओएनटीचा फोन पोर्ट जाऊ शकतो. तांब्याच्याच लाइनवर ब्रॉडबँड असेल तर फोनच्या आधी फिल्टर, म्हणजे इंटरनेटचा सिग्नल फोनपासून वेगळा करणारी छोटी डबी, लावा. तो नसेल तर खरखर बेसची जागा बदलून जाणार नाही.

सेल 'Ni-MH' लिहिलेले, रिचार्जेबलच हवेत. टीव्हीच्या रिमोटमधले साधे सेल चार्जरवर चढवलेत तर गळतात, क्वचित फुटतातही. अडॅप्टरवर मार्करने 'फोन' लिहा. राउटरचा बहुधा १२ व्होल्टचा असतो, फोनचा पाच-सहाचा, आणि पिन बसली म्हणून चालतो असं होत नाही.

बेसचा पिन (गुप्त क्रमांक) ०००० असेल तर बदला. डायलिंग 'टोन'वर ठेवा. मोबाइल लावताना आधी शून्य, हे १५ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. जुने नंबर मेमरीत असतील तर सगळे दुरुस्त करा.

लाइट गेली की बेस मरतो, हँडसेट कितीही चार्ज असो. महावितरणवर आणि पावसावर भरवसा ठेवू नका: बेस आणि ओएनटी दोघांनाही इन्व्हर्टरचा प्लग द्या. आजी-आजोबा एकटे असतील तर त्यांच्या खोलीत वायरचा एक साधा फोनही ठेवा. तो फायबरवर असला तर ओएनटीला वीज लागतेच, हे विसरू नका. कडकडाट सुरू होण्याआधीच तांब्याच्या लाइनवरची वायर आणि अडॅप्टर दोन्ही काढा.

त्याच फोनवर "मी पोलीस बोलतोय, तुमच्या नावावर पार्सल सापडलंय" असं कुणी सांगितलं तर ठेवून द्या आणि घरात कुणाला तरी सांगा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. हा नंबर आणि आणीबाणीचा ११२ मोठ्या अक्षरांत लिहून बेसशेजारी चिकटवा.